शुक्रवारचं भाष्य आणि मलिद्याचं ताट

माझा कार्यक्रम शुक्रवारी सकाळी असायचा. जेरुसलेमच्या एका रेडिओ केंद्रावरून मी आठवडाभराच्या परराष्ट्र राजकारणावर बोलायची. कुठला मंत्री कुठल्या राजधानीत गेला, कोण कुणाचा फोन घ्यायचं टाळतंय आणि यातून पुढे काय निघणार, असं सगळं. भाषा अर्थातच हिब्रू. शुक्रवारी सकाळी सगळ्या देशात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वयंपाकाची घाई असते, त्यामुळे माझं भाष्य लोक कांदा चिरता चिरता ऐकत. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलंच तर ते कांद्यामुळे, हे मला ठाऊक होतं.

त्या श्रोत्यांतली एक माझी आई. ती रामला नावाच्या गावात तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि फ्रिजवर ठेवलेल्या रेडिओकडे तोंड करून ऐकायची. कार्यक्रम संपून मी हेडफोन काढते न काढते तोच तिचा फोन येई.

"सकाळधरनं पोटात काय नाय तुझ्या," ती म्हणे. "आवाज रिकामा येतोय."

मला राग यायचा. निम्मं परराष्ट्र खातं माझं बोलणं ऐकतं, आणि आमच्या मातोश्रींना त्यात पोट ऐकू येतं! "आई, मी काय बोलले ते ऐकलंस का?"

"ऐकलं की. घसा पण धरलाय. आलं घालून चहा घे." मग जरा थांबून ती मुद्द्यावर येई. "बरं, ते सगळं ठीक. होणार का नाय होणार?"

हा तिचा दर शुक्रवारचा प्रश्न. आता राजकारणावर भाष्य करणाऱ्याला असं विचारणं म्हणजे हवामान खात्याला छत्री मागण्यासारखं आहे. आमचा सगळा धंदा 'एकीकडे असं, पण दुसरीकडे तसं' यावर चालतो. मी तेच सांगू लागले की ती म्हणे, "तळ्यात-मळ्यात नको करू बाय. एक काय ते बोल." मग मी वैतागून एक काहीतरी बोलत असे, आणि ती समाधानाने फोन ठेवत असे. तिला ते उत्तर कशाला हवं असतं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

आम्ही मुंबईहून इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि भाऊ आईच्या कडेवर होता. आई मूळची अलिबागकडच्या खेड्यातली, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांच्या घरातली. इथे येऊन बाबा कारखान्यात लागले आणि ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात. बाबांचे एक मित्र मुंबईहून मराठी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बोटीने पाठवत. तो हातात पडेपर्यंत त्यातल्या बातम्यांना मिशा फुटलेल्या असत. बाबांना त्याचं काहीच नव्हतं. ते मला मोठ्यांदा वाचायला लावत आणि केव्हाच राजीनामा देऊन घरी बसलेल्या मंत्र्याला तावातावाने चार गोष्टी सुनावत.

माझं मराठी त्या गठ्ठ्यांनी जगवलं, म्हणून आज हे लिहिता येतंय. आणि माझा धंदाही मी तिथेच शिकले. शिळ्या वर्तमानपत्रातली भाकितं वाचताना पुढे काय झालं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. कोण कुठे चुकलं आणि का चुकलं, हे बघायची खोड मला तेव्हापासून लागली. माझं रेडिओवरचं पहिलं भाष्य ऐकायला बाबा राहिले नाहीत. फ्रिजवरचा रेडिओ त्यांचाच होता, आणि आईने तो कधी बदलू दिला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एकदा म्हटलं, भारत आणि इस्राएल लवकरच एकमेकांकडे वकिलाती उघडतील. माझ्या केंद्रावर फारसं कुणी तसं मानत नव्हतं. भारताचं नाव निघालं की ही हळवी होते, असा तिथे समज होता. आईने फोनवर विचारलं, होणार का नाही, आणि मी म्हटलं, होणार. आणि खरोखरच तसं झालं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी संध्याकाळी मी रामल्याला गेले, तर जिन्यातच खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास. वर आमच्या बैठकीत सिनेगॉगातले म्हातारे डोक्यावर टोप्या घालून बसलेले, मध्ये पांढऱ्या कपड्यावर मलिद्याचं ताट. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम, भोवती फळं आणि खजूर, आणि वास घ्यायला सब्जाची काडी. एलियाहू हन्नाबी हा आमचा नवसाला पावणारा संदेष्टा. तो स्वर्गात गेला तो आमच्या कोकणातून, आणि त्याच्या रथाची खूण अजून तिथल्या खडकावर आहे, असं आई शपथेवर सांगे. त्याला नवस बोलायचा, मनासारखं झालं की मलिदा करायचा, फळांवर आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांना वाटायचा. लहानपणी बाबांना वाचून दाखवताना 'पुढाऱ्यांनी मलिदा खाल्ला' असं आलं की आई कानांवर हात ठेवत असे.

"कुणाचं काय आहे?" मी भावाला विचारलं. भाऊ बसगाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक. मराठी त्याला सगळं कळतं, पण उत्तर तो हिब्रूतच देतो.

"तुझंच आहे," तो हसत म्हणाला. "तुझी वकिलात उघडली ना."

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती ओट्याशी उभी राहून केळी धूत होती. मी तिला समजावलं की मी अंदाज सांगते, शब्द देत नाही, आणि वकिलाती दोन सरकारांनी उघडल्या, त्यांत आपलं काही नाही.

"भर रेडिओवर होणार म्हणालीस," ती म्हणाली. "मग ते कुणीतरी करायला नको? तू बोलून मोकळी."

"आणि नाही झालं तर?"

"नाय झालं तर नाक कुणाचं कापलं जाईल? तुझं. म्हणून तर त्याला सांगून ठेवते, पोरीचा शब्द खाली पडू देऊ नको."

मराठीत काळजी करणारी माणसं देव पाण्यात घालून बसतात. आमचा देव काही पाण्यात घालता येत नाही, म्हणून आई पोहे भिजत घालायची. तिच्या त्या प्रश्नाचा उलगडा मला तेव्हा झाला. तिला फक्त नवस कुठल्या बाजूने बोलायचा तेवढं हवं असे. मी खूप हसले, जेरुसलेमला जाऊन सहकाऱ्यांना सांगितलं, तेही हसले. पुढची काही वर्षं माझे अंदाज बरेच खरे ठरत गेले. परराष्ट्र खात्यात माझा माणूस कोण, असं लोक विचारत. माझा माणूस रामल्यात खोबरं किसत बसलेला असे.

मलिद्याचं पहिलं ताट म्हाताऱ्यांना, आणि दुसरं 'खालची'ला. खालची म्हणजे पहिल्या मजल्यावरची अरब शेजारीण. नावाने आई तिला कधी हाक मारत नसे. दोघींची ओळख धुलाईखान्यातली, दोघींचं हिब्रू सारखंच मोडकं, त्यामुळे त्यांचं छान जमे. आईने पहिल्यांदा ताट नेलं तेव्हा खालचीने विचारलं, हे कुणासाठी? आईने सांगितलं. खालची म्हणाली, अगं, हा तर आमचा पण आहे, आम्ही त्याला अल-खिद्र म्हणतो. त्या दिवसापासून आईच्या लेखी खालची निम्मी घरचीच झाली. तिचा मुलगा माझ्या भावाच्याच गॅरेजात होता. दोघं एकाच बसखाली पालथे पडून दिवसभर भांडत आणि डबा एकत्र खात.

मग दोन हजार सालचा उन्हाळा आला. दूर अमेरिकेत इस्राएली आणि पॅलेस्टिनी नेत्यांच्या वाटाघाटी चालल्या होत्या आणि त्या फिसकटल्या. त्या आठवड्यात मी अनेकांशी बोलले, दोन्ही बाजूंच्या लोकांशी, आणि मला जे दिसलं ते शुक्रवारी न घाबरता सांगितलं. येत्या सणांच्या सुमारास आग पेटेल, मी म्हटलं, आणि या वेळी ती सीमेवर थांबणार नाही. ज्यू आणि अरब जिथे एकाच जिन्याने चढतात-उतरतात त्या गावांतही ती येईल. जिना म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर रामल्याचाच जिना होता.

फोन आला. आईने पोटाचं विचारलं नाही, घशाचं विचारलं नाही.

"होणार का नाय होणार?"

मला त्या दिवशी तळ्यात-मळ्यात करवेना. "होणार," मी म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तिने फोन ठेवला.

दुपारी मी रामल्याला पोचले तेव्हा ती टेबलाशी नुसती बसली होती. शुक्रवारी दुपारी माझी आई नुसती बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"आता मी त्याला काय सांगू?" ती म्हणाली. "पोरीचा शब्द खरा कर म्हणू? म्हणजे हा जाणार मिलुईमला." भावाला राखीव सैनिक म्हणून बोलावणं येत असे, त्याबद्दल ती बोलत होती. "आणि खालचीचा रोज त्या गॅरेजच्या रस्त्याने येतो-जातो. का शब्द खोटा कर म्हणू? म्हणजे तू पडणार तोंडावर, सगळ्या देशासमोर."

"काही सांगू नकोस त्याला," मी चिडून म्हटलं. "त्याच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. माणसं ठरवतात हे."

"माणसांच्या हातात दिलंय म्हणून तर हे असं झालंय," आई म्हणाली आणि कणीक मळायला उठली.

शब्बाथ संपल्यावर तिने मला फोन करून सांगितलं की गाडी घेऊन ये, हैफाला जायचंय. हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे. आमचे लोक तिथे जातात, अरबही जातात. खालचीही निघाली होती. तिचे गुडघे धरलेले म्हणून ती पुढे बसली. दोघींनी वाटेत इतकी बडबड केली की मला रेडिओ लावता आला नाही.

गुहेत बायकांच्या बाजूला मेणबत्त्यांचा धूर आणि घामाचा वास होता. एरवी आई नवस ओठांतल्या ओठांत बोलायची. त्या दिवशी ती कोनाड्यावरच्या पडद्याला हात लावून मोठ्यांदा बोलली, मराठीत, शेजारच्या बाईशी बोलावं तसं.

"माझी पोर खोटी पडू दे. भर रेडिओवर खोटी पडू दे. हसू देत लोक तिला. तिला मी बघून घेईन. पण पोरांना काय होऊ देऊ नको, वरच्या नाय नि खालच्या नाय. मोठा मलिदा करीन."

खालचीने माझा दंड धरून विचारलं, काय म्हणते? आणि मी, परराष्ट्र राजकारणाची भाष्यकार, तिथे उभी राहून माझ्याच पराभवाची प्रार्थना हिब्रूत करून सांगितली. खालची मोठ्यांदा आमेन म्हणाली. मला हसू आलं, थोडा रागही आला, आणि मग एकदम आईला मिठी मारावीशी वाटली. गर्दी फार होती म्हणून मी नुसतीच तिची पर्स धरून उभी राहिले.

सणांच्या सुमारास आग पेटली. सगळ्यांना ठाऊक आहे ते पुन्हा सांगत नाही. रामल्यातही टायर जळाले, दुकानांच्या काचा फुटल्या. भावाला बोलावणं आलं आणि तो गेला. खालचीचा मुलगा गॅरेजातून घरी येताना त्याच्या कपाळावर दगड बसला. कुणी कुणावर मारलेला होता ते कुणालाच सांगता आलं नाही. टाके पडले, पण डोळा वाचला.

आणि आई खालच्या दाराशी थांबेनाशी झाली. बाजारातून येताना ती पहिला मजला धावत ओलांडी, त्या वयात, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. खालचीने दोनदा वर निरोप पाठवला. एकदा आईने झोपले होते म्हणून सांगितलं, एकदा डोकं दुखत होतं म्हणून. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. हे असंच होणार हे मीच तर सांगितलं होतं. एका शुक्रवारी मी रेडिओवर बोललेसुद्धा की माझ्या आईच्या जिन्यात वर्षानुवर्षं उघडी असलेली दारं आता बंद झाली आहेत, भीतीने माणसांच्या मनात घर केलंय. ते भाष्य लोकांना फार आवडलं. आईचा त्या दिवशी फोन आला नाही.

माझं तेव्हा चांगलं चाललं होतं, म्हणायलाही नको वाटतं, पण होतं. बरोबर ठरलेल्या माणसाला सगळे बोलावतात. परदेशी वाहिन्या बोलवू लागल्या. पुढच्या वर्षी पत्रकारांच्या एका संस्थेने राजकीय वार्तांकन आणि परराष्ट्र भाष्यासाठीचा पुरस्कार मला जाहीर केला. समारंभ तेल अवीवला होता. भाऊ परत आला होता, सुखरूप, नुसता बारीक होऊन. तो आला, आणि आई आली, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. ती साडी ती लग्नाकार्यालाच काढायची.

व्यासपीठावरच्या गृहस्थांनी माझ्या त्या शुक्रवारची वाक्यं वाचून दाखवली. आग, सण, जिना, सगळं. दूरदृष्टी असा शब्द त्यांनी बऱ्याचदा वापरला. टाळ्या झाल्या. मी पाहिलं, पहिल्या रांगेत आई मांडीवर हात ठेवून बसली होती. टाळी वाजवत नव्हती.

नंतर खाण्याच्या टेबलाशी ते गृहस्थ तिच्याकडे वाकून म्हणाले, "तुमची मुलगी बरोबर ठरली. अभिमान वाटत असेल."

"मला नको होतं," आई तिच्या मोडक्या हिब्रूत म्हणाली. "मी खूप मागितलं होतं, चुकू दे म्हणून."

त्यांना तो विनय वाटला. ते हसले आणि तिला केक आणून दिला.

परत येताना भाऊ मागे झोपला होता. आई माझ्या शेजारी, मांडीवर माझ्या पुरस्काराची पेटी. रामला जवळ आलं तसं ती म्हणाली, "माझंच चुकलं बाय."

"काय चुकलं?"

"त्या दिवशी गुहेत. तोंडाने म्हणत होते, पोर खोटी पडू दे. आणि पोटातून दुसराच आवाज. नको रे, तिचं नाक राहू दे, एवढी शिकली, एवढी मोठी झाली. दोन तोंडांनी बोलले मी. त्याला काय कळत नाय? त्याने पोटातलं ऐकलं." तिने पेटीवरची धूळ पदराने पुसली, धूळ नव्हती तरी. "माझ्या पोरीसाठी मी खालचीच्या पोराचं डोकं फोडलं. कुठल्या तोंडाने तिच्या दारात उभी राहू?"

मी गाडी बाजूला घेतली. दारं भीतीने बंद झाली, असं मी सगळ्या देशाला सांगितलं होतं. आमच्या जिन्यात भीतीचा पत्ताच नव्हता. माझी आई लाजेने धावत जिना चढत होती. मला रडू आलं. मी तिला म्हटलं, आई, हे तुझ्यामुळे झालं नाही, कुठल्याच आईमुळे झालं नाही. तिने माझा गाल पुसला आणि म्हणाली, "चल, हा बसल्या बसल्या झोपलाय." माझं तिने ऐकून घेतलं, पण मानलं काही नाही. तिच्याशी मी कितीदा त्यावर बोलले. मंत्र्यांना गप्प करता येतं मला, पण आईचा अपराध काही तिच्या मनातून निघेना.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भारत आणि पाकिस्तान यांनी सरहद्दीवर सैन्यं आणून उभी केली. उन्हाळा येईतो परिस्थिती अशी झाली की मी जितक्या जाणकारांशी बोलले ते सगळे एकच सांगत होते. शुक्रवारी मी म्हटलं, युद्ध होणार, फार तर काही आठवड्यांचा प्रश्न आहे. माझ्या आवाजात शंका नव्हती, कारण मनातही नव्हती.

फोन आला. "होणार का नाय होणार?" आईची बहीण मुंबईत होती.

"होणार, आई."

"मग गाडी काढ."

"परत? परत मला खोटं पाडायला?"

"हो," आई म्हणाली.

या वेळी ती एकटीच होती. खालचीला तिने विचारलं नाही. गुहेच्या तोंडाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "तू नको येऊ आत. तुझं तोंड बघितलं की मन पातळ होतं माझं." मी बाहेर उन्हात उभी राहिले. पलीकडे समुद्र होता, रस्त्यावरून ट्रक जात होते. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा दमलेली होती, माझ्याकडे न बघताच गाडीत बसली आणि रामला येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला वाटतं, तो नवस मोडू नये म्हणून.

युद्ध झालं नाही. आठवडे गेले, महिने गेले, आणि सैन्यं जशी आली तशी परत गेली. इकडे माझी शोभा झाली. श्रोत्यांनी पत्रं पाठवली, एका वर्तमानपत्राने माझं व्यंगचित्र छापलं, डोळ्यांना दुर्बीण लावलेलं, तीही उलटी. संपादक म्हणाले, होतं असं कधीकधी, पण त्यांनी ते ज्या प्रेमाने म्हटलं त्यानेच मला जास्त झोंबलं. दर शुक्रवारी माइकसमोर बसताना माझे कान गरम होत. अशाच मूडमध्ये एका संध्याकाळी मी रामल्याला गेले, तर जिन्यात खोबऱ्याचा वास.

वर म्हातारे बसले होते. पूर्वीच्यातले काही आता नव्हते. ताट मात्र कधी नव्हतं एवढं मोठं होतं, परातच होती ती. आशीर्वाद झाले, गाणं झालं. आईने पहिला घास माझ्या तोंडात घातला.

"खा," ती म्हणाली. "तुझ्या चुकीचा आहे."

मी खाल्ला. लहान पोरीसारखी फुरंगटून, पण खाल्ला. फार चांगला झाला होता.

मग तिने एक ताटली भरली, वर खजूर ठेवला, आणि मला म्हणाली, "तू ये माझ्याबरोबर." आम्ही खाली गेलो. पहिल्या मजल्यावर ती थांबली. हात मोकळा हवा म्हणून तिने ताटली माझ्याकडे दिली. तिने दार वाजवलं.

खालचीने दार उघडलं. आईने श्वासही न घेता सगळं सांगून टाकलं, मोडक्या हिब्रूत, मधे मधे मराठीत. गुहेतलं, दोन तोंडांचं, पोटातल्या आवाजाचं, त्याच्या कपाळाचं. या वेळी एकाच तोंडाने मागितलं आणि त्याने ऐकलं, म्हणजे तेव्हाही ऐकलं असतं, असं ती म्हणाली आणि रडायला लागली. मला त्या युक्तिवादातलं भोक दिसत होतं. पण असला युक्तिवाद मोडायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खालचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हबीब्ती, त्या दिवशी मी आमेन म्हणाले ना, ते कशाला ठाऊक आहे? तू पोरांसाठी मागत होतीस आणि मी मनात म्हणत होते, देवा, हे गुडघे. हा जिना चढताना दुखायचे तेवढे थांबव." तिने कपाळाला हात लावला. "आई असून मी गुडघे मागितले! दोन वर्षं मला वाटतंय, ही वरची माझ्यावर रागावली, हिला ते कळलं."

आईने नाक पुसलं. "मग थांबले का गुडघे?" तिने विचारलं.

"कुठले थांबतायत!"

आधी आई हसली की खालची, ते मला आठवत नाही. दोघी दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या. आतून खालचीचा मुलगा बाहेर आला, कपाळावर पांढुरका व्रण, अंगात गॅरेजची डांगरी. माझ्या हातातली ताटली त्याने सहज घेतली आणि उभ्या उभ्या खायला लागला. मला विचारलं, "कशाचं आहे हे?"

"मी चुकले त्याचं," मी म्हटलं.

"मग चुकत जा," तो म्हणाला आणि खजूर तोंडात टाकला.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. खालचीही गेली. बाबांचा रेडिओ माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. शुक्रवारी मी अजून बोलते, आणि अजून बहुतेक बरोबर ठरते. पुरस्कारही आणखी मिळाले. वाईट काही होणार असं सांगावं लागलं की माइक बंद झाल्यावर मी डोळे मिटून मराठीत पुटपुटते, माझं खोटं पडू दे, लोकांना हसू दे. मन पातळ होऊ न देता, एकाच तोंडाने मागायचा प्रयत्न करते. मलिद्यासाठी पोह्यांचा एक पुडा मी कायम घरात आणून ठेवते. फार दिवस पडून राहिला की त्याला वास येतो, मग तो टाकून देते आणि दुसरा आणते.